तलावाकाठच्या सार्वजनिक उद्यानात ज्येष्ठ आणि लहान मुलांसह दिवस घालवायचा आहे. आखणी कशी करावी?

काठावरची (प्रश्न)

नमस्कार. पुढच्या महिन्यात एका मोठ्या तलावाकाठच्या सार्वजनिक उद्यानात दिवसभरासाठी सहकुटुंब जाण्याचा आमचा विचार आहे आणि त्याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. आम्ही एकूण सात जण आहोत. सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असल्यामुळे त्या घरात काठीच्या आधाराने चालतात, पण बाहेर अंतर थोडे वाढले की त्यांना व्हीलचेअर लागते. मुलगा नऊ वर्षांचा असून त्याला तरणतलावात चांगले पोहता येते. मुलगी चार वर्षांची आहे आणि पाणी दिसले की तिला आवरणे कठीण जाते. जाऊबाईंना पक्षिनिरीक्षणाची मनापासून आवड आहे, तर दिरांना होडीतून फिरायचे आहे.

प्रत्येकाने आपापल्या आवडीची एकेक गोष्ट सुचवता सुचवता यादी इतकी वाढली की सासूबाई आता "मी घरीच थांबते, तुम्ही जाऊन या" असे म्हणू लागल्या आहेत. त्यांना मागे ठेवून जायचे नाही, हे मात्र आमचे पक्के ठरलेले आहे. किती वाजता पोहोचावे, काठाच्या कोणत्या बाजूला बसावे, मुलांना पाण्यात उतरू द्यावे का आणि निघण्यापूर्वी उद्यानाच्या कार्यालयाकडे कशाची चौकशी करावी, हे कृपया सांगावे.

पायवाट

ताई, तुमच्या प्रश्नातले सासूबाईंचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. ज्यांना चालण्याचा त्रास आहे, ती माणसे फिरण्याचा कंटाळा आला म्हणून असे बोलत नाहीत. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल, ही धास्ती त्यामागे असते. माझे वडील अखेरची बरीच वर्षे व्हीलचेअर वापरत होते, त्यामुळे हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून आग्रहाने सांगतो की, आधी सासूबाईंचा दिवस आखावा आणि मग बाकीच्यांचे कार्यक्रम त्यात बसवावेत. सावली आहे, पाठ टेकता येईल असे बाक आहे, समोर पाणी दिसते आणि स्वच्छतागृह हाकेच्या अंतरावर आहे अशी एकच जागा मुक्कामासाठी निवडावी. ज्याला जिथे जायचे असेल त्याने तिथे जाऊन परत त्याच जागी यावे, आणि सासूबाईंजवळ एक तरी माणूस सतत असावा. असे केले म्हणजे त्या कोणाच्या मागे फरफटत जात नाहीत, उलट सगळे त्यांच्याकडे परत येत राहतात. माणसाच्या मनाला या दोन गोष्टींतला फरक फार जाणवतो.

तलावाला पूर्ण फेरी मारण्याचा बेत सासूबाईंसह करू नये. पूर्ण फेरीत अर्धी वाट चालून झाली की पुढे जा किंवा मागे फिरा, उरलेले अंतर सारखेच असते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी माणूस थकला तर काहीच उपाय उरत नाही. शिवाय काठ आत-बाहेर वळत जात असल्यामुळे समोरचा किनारा दिसायला जवळ असला, तरी पायी जायला बराच लांब पडतो. काठाने थोडे पुढे जाऊन त्याच वाटेने परत यावे, म्हणजे कुठूनही मागे वळता येते.

चौकशी करताना "व्हीलचेअरची सोय आहे का?" एवढेच विचारले, तर "आहे" असे उत्तर मिळते, आणि त्याचा अर्थ अनेकदा प्रवेशद्वाराशी एक उतार बांधला आहे, इतकाच असतो. त्याऐवजी नेमके प्रश्न विचारावेत. वाहनतळापासून पाण्याच्या काठापर्यंत कुठे पायरी लागते का? वाट फरसबंद आहे, दाबलेल्या मुरमाची आहे की सुट्या खडीची? सुट्या खडीत आणि वाळूत व्हीलचेअरची पुढची लहान चाके रुततात आणि खुर्ची एकदम पुढे झुकते. उतार किती आहे, हेही पाहावे. अनेक देशांच्या नियमांत व्हीलचेअरच्या उतारासाठी १:१२ हे प्रमाण कमाल मानले जाते, म्हणजे एक मीटर उंची गाठण्यासाठी निदान बारा मीटर लांबीचा उतार हवा. यापेक्षा तीव्र उतार खाली उतरताना खुर्ची उलटी फिरवून, ढकलणाऱ्याने मागे पाहत सावकाश उतरावे. सरळ नेली तर बसलेला माणूस पुढे घसरतो.

पाण्याजवळ किंवा धक्क्यावर खुर्ची थांबवताना तिचे तोंड पाण्याकडे ठेवू नये. ती काठाला समांतर उभी करून दोन्ही ब्रेक लावावेत. बहुतेक काठांना पाण्याच्या दिशेने किंचित कल दिलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण चाकांना कळतो.

पाणथळ

वेळ आणि बाजू यांबद्दल मी लिहिते, कारण तलावाच्या बाबतीत या दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या असतात.

दिवसा जमीन लवकर तापते आणि पाणी सावकाश तापते. जमिनीवरची गरम हवा वर चढली की तिची जागा घ्यायला पाण्यावरची गार हवा काठाकडे येऊ लागते. मोठ्या तलावांवर हा वारा साधारणपणे दुपारकडे वाढत जातो, संध्याकाळी ओसरतो आणि रात्री उलट दिशेने वाहतो. म्हणून सकाळचे पहिले दोन-तीन तास पाणी बहुधा शांत असते. होडीसाठी आणि पक्ष्यांसाठी तीच वेळ उत्तम. दिरांनी होडीचा बेत दुपारी ठेवला, तर लाटांमुळे सगळेच वैतागतील आणि वारा वाढला तर होड्या बंदही होतील. उजाडल्यानंतर लवकरात लवकर पोहोचणे जमले, तर वाहनासाठी जागाही जवळ मिळते आणि सासूबाईंचे चालणे वाचते.

आता बाजू. सकाळी सूर्य पूर्वेला असतो, त्यामुळे पूर्व काठावर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले की ऊन पाठीमागे राहते आणि पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतात. पश्चिम काठावरून त्याच वेळी पाहिले, तर पाण्याच्या चकाकीत नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. दुपारनंतर मात्र पश्चिम काठ सोयीचा, कारण तिथल्या झाडांची सावली पाण्याच्या बाजूला पडू लागते आणि समोरच्या दृश्यावर ऊन असते. उद्यान एकाच काठावर असेल, तर निदान मुक्कामाची जागा निवडताना सकाळी नव्हे, तर दुपारी दोन-तीन वाजता सावली कुठे असेल, याचा विचार करावा. अतिनील किरणांचा जोर साधारण दहा ते चारच्या दरम्यान अधिक असतो. एक सोपी खूण अशी की, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर ऊन कडक आहे असे समजावे. पातळ ढगांतून हे किरण बऱ्याच प्रमाणात खाली येतात, त्यामुळे आभाळ आले म्हणून मुलांच्या टोप्या काढू नयेत.

जाऊबाईंना सांगा की, खुल्या पाण्यासाठी ८×४२ ची दुर्बीण पुरेशी असते, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगांची. मुलाच्या हाताला ८×३२ हलकी पडेल. पाण्यावरच्या थव्यातला एखादा पक्षी चरणे थांबवून मान ताठ करून तुमच्याकडे पाहू लागला, तर तुम्ही फार जवळ गेला आहात. तिथेच थांबावे आणि दोन पावले मागे यावे. पुन्हा त्याची मान खाली गेली की निश्चिंत होऊन पाहावे. मुलांना पक्ष्यांपुढे पावाचे तुकडे टाकू देऊ नयेत. त्यातून पक्ष्यांना पोषण मिळत नाही, आणि न खाल्लेला पाव पाण्यात कुजतो.

तारू

मी पोहणे शिकवतो आणि काही वर्षे खुल्या पाण्यावर जीवरक्षक म्हणून काम केले आहे. वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, तरी तुमच्या प्रश्नातली मला सर्वाधिक काळजी वाटणारी गोष्ट म्हणजे चार वर्षांची मुलगी आणि काठावरचे पाच मोठे. मोठी माणसे जास्त असली की मूल अधिक सुरक्षित असते असे वाटते, पण "दुसरे कोणी तरी पाहत असेल" असे प्रत्येकाला वाटत राहते आणि प्रत्यक्षात कोणीच पाहत नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती.

बुडणारे माणूस हात हलवून ओरडते, ही समजूत मनातून काढून टाकावी. तोंड पाण्याखाली-वर होत असताना श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, तिथे हाक कुठून मारणार? शरीर जवळजवळ उभे असते, डोके मागे कललेले असते, हात आपोआप बाजूंना पसरून पाणी खाली दाबू पाहतात आणि पाय मारल्याची हालचाल दिसत नाही. दुरून पाहणाऱ्याला मूल खेळते आहे असेच वाटते. हे सारे एका मिनिटाच्या आत संपू शकते. म्हणून मुलगी पाण्याजवळ असेल तेव्हा एका मोठ्या माणसाचे नाव स्पष्ट घेऊन त्याच्यावर जबाबदारी द्यावी. त्या वेळी त्याने मोबाईल खिशात ठेवावा, गप्पांत भाग घेऊ नये आणि हात लांबवला की मूल हाती लागेल इतक्याच अंतरावर राहावे. पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदलावी आणि बदलताना "आता ती तुमच्याकडे" असे तोंडाने सांगावे. हे जरा औपचारिक वाटेल, पण नेमक्या याच हस्तांतराच्या क्षणी मुले नजरेआड होतात.

मुलाला तरणतलावात पोहता येते ही चांगली गोष्ट आहे. तलाव मात्र वेगळा असतो. तरणतलावात तळ दिसतो, खोली भिंतीवर लिहिलेली असते आणि हात मारला की कठडा मिळतो. इथे तळाला गाळ असतो, पाणवनस्पती पायाला गुंडाळतात आणि कमरेइतक्या पाण्यातून पुढचे पाऊल थेट डोक्याइतक्या पाण्यात पडू शकते. पृष्ठभागाचे पाणी उन्हाने कोमट झालेले असले, तरी थोडे खाली ते एकदम गार लागते. पाण्याचे तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर अचानक आत पडलेल्या माणसाला धाप लागते आणि श्वास आवरत नाही. अशा वेळी हातपाय मारण्याऐवजी उताणे तरंगत राहून श्वास ताब्यात येऊ द्यावा, हे मुलाला आधीच तरणतलावात शिकवून ठेवावे. पोहण्यासाठी आखून दिलेला आणि जीवरक्षक हजर असलेला भाग असेल, तरच मुलांना उतरू द्यावे. तसा भाग नसेल, तर पाय भिजवण्यावर समाधान मानावे, आणि तेही घोट्याएवढ्या पाण्यात.

हवेने फुगवलेल्या गाद्या आणि चाके घरीच ठेवावीत. काठाकडून पाण्याकडे वारा असेल, तर हलकी गादी मुलाला घेऊन बघता बघता आत जाते, आणि तिच्यामागे पोहणाऱ्या मोठ्या माणसाला तिचा वेग गाठता येत नाही.

दुर्दैवाने कोणी संकटात सापडलेच, तर पोहता येणाऱ्यानेही लगेच उडी घेऊ नये. आधी जीवरक्षकाला किंवा आपत्कालीन सेवेला हाक द्यावी. काठावर पालथे झोपून काठी, ओढणी किंवा टॉवेलचे टोक पुढे करावे. तेही पोहोचत नसेल, तर तरंगणारे काहीही फेकावे. उद्यानात शिरल्यावर बुडणाऱ्याकडे फेकायचे तरंगणारे गोल कडे कुठे टांगलेले आहे, हे पाहून ठेवायला एक मिनिट लागते.

काठावरची

सर्वांचे मनापासून आभार. पायवाट यांनी लिहिलेले मी सासूबाईंना वाचून दाखवले. "मग मी पाण्यासमोर बसेन आणि तुम्ही येत-जात राहा", असे म्हणून त्या यायला तयार झाल्या आहेत. पूर्ण फेरीचा बेत आम्ही रद्द केला आहे आणि उजाडताच निघण्याचे ठरवले आहे.

आणखी तीन शंका आहेत. त्या तलावाचे पाणी कधी कधी हिरवे दिसते, असे दिरांच्या मित्राने सांगितले. त्यात मुलांनी पाय भिजवणे योग्य आहे का? अचानक पाऊस आला, तर उद्यानातील उघड्या मंडपात थांबणे पुरेसे होईल का? आणि मुलाला "मला पोहता येते" म्हणून होडीत लाइफ जॅकेट घालणे कमीपणाचे वाटते, त्याचे काय करावे?

गढूळ_नितळ

पाण्याच्या तपासणीशी माझा कामानिमित्त संबंध येतो, म्हणून पहिल्या शंकेचे उत्तर देतो. प्रत्येक हिरवे पाणी घातक नसते. लांब केसांसारखे तंतू असलेले शेवाळ काडीने उचलले, तर काडीला लोंबत वर येते. ते निसरडे असते, पण सहसा विषारी नसते. काळजी करायची ती पृष्ठभागावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर. तो काडीला लोंबत नाही, फक्त काडी रंगवतो. हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळासारखे दिसणारे जिवाणू, असण्याची शक्यता असते आणि त्यांच्या काही जाती विष तयार करतात. शेतांतून आणि सांडपाण्यातून येणारा फॉस्फरस व नायट्रोजन, उबदार हवा आणि स्थिर पाणी यांमुळे ते झपाट्याने वाढतात. काडीची परीक्षा ढोबळ आहे, त्यामुळे शंका आली की दूर राहणेच योग्य.

वाऱ्याने हा तवंग एका काठाला लोटला जातो, म्हणून समोरचा काठ स्वच्छ आणि तुमच्या पायाशी मात्र जाड थर, असे चित्र दिसू शकते. सकाळचे निरीक्षण दुपारी ग्राह्य धरू नये. पाण्याजवळ जाताना प्रत्येक वेळी पाहावे. अशा पाण्याला मुलांनी आणि पाळीव कुत्र्यांनी स्पर्शही करू नये. कुत्री अंगाला लागलेला थर चाटतात, त्यामुळे त्यांना धोका अधिक असतो. पाणी उकळून हे विष जात नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील ईरी सरोवरात असाच बहर आला, तेव्हा टोलेडो परिसरातील चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिऊ नये आणि उकळूनही वापरू नये, असे सांगण्यात आले होते. उद्यानाने सूचनाफलक लावला असेल, तर तो अंतिम मानावा; फलक नसेल आणि गुडघाभर पाण्यात स्वतःची पावले दिसत नसतील, तर मुलांना त्या पाण्यात सोडू नये.

पायवाट

मंडपाबद्दल सांगतो. नुसता पाऊस असेल, तर उघडा मंडप पुरेसा आहे. गडगडाट ऐकू आला, तर नाही. गडगडाट ऐकू येतो आहे याचाच अर्थ वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकेल इतकी जवळ आहे. पाण्याच्या काठावर आजूबाजूला उंच काही नसते, आणि भिंती नसलेला मंडप किंवा एकटे झाड संरक्षण देत नाही. बंदिस्त पक्की इमारत किंवा धातूचे छप्पर असलेली, काचा लावलेली गाडी गाठावी आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून तीस मिनिटे तिथेच थांबावे. तुमच्या बाबतीत सासूबाईंना गाडीपर्यंत न्यायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागणार, म्हणून ढग दाटून येऊ लागताच, गडगडाटाची वाट न पाहता त्यांना घेऊन निघावे. मुक्कामाची जागा निवडताना तिथून गाडीपर्यंत जायला किती मिनिटे लागतात, हे पोहोचल्यावर एकदा पाहून ठेवावे.

तारू

मुलाच्या लाइफ जॅकेटवर सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे होडीत बसणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाने ते घालणे. काका स्वतः जॅकेट हातात धरून बसले, तर नऊ वर्षांचा मुलगा ते का घालील? त्याला खरे कारणही सांगावे: होडी कलंडताना डोक्याला मार लागला किंवा गार पाण्याने धाप लागली, तर उत्तम पोहणाऱ्यालाही पहिली काही मिनिटे पोहता येत नाही, आणि जॅकेट नेमक्या त्याच मिनिटांसाठी असते. या वयाची मुले असे स्पष्ट कारण समजून घेतात.

जॅकेट मापाचे आहे का, ते काठावरच तपासावे. सगळे पट्टे आवळल्यावर खांद्यांजवळ दोन्ही बाजूंनी धरून जॅकेट वर उचलावे. ते सरकून हनुवटीला किंवा कानांना टेकले, तर ते सैल आहे. आत ज्या वजनासाठी ते बनवले आहे, तो आकडा छापलेला असतो, तो पाहावा. चार वर्षांच्या मुलीसाठी मानेमागे आधार देणारी कॉलर आणि दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा असलेलेच जॅकेट हवे, कारण लहान मुलांच्या अंगावरून ते पाण्यात वर निसटते. दंडावर घालायच्या फुगवलेल्या पट्ट्या त्याला पर्याय नाहीत. होडीच्या ठिकाणी तिच्या वजनाचे जॅकेट मिळते का, हे आधीच फोनवर विचारून घ्यावे. ते नसेल, तर तिला होडीत नेऊ नये, आजीजवळ काठावर ठेवावे आणि दोघींसोबत एक मोठे माणूस थांबावे. मोठ्यांचे जॅकेट घट्ट आवळून तिच्यावर भागत नाही.